जुन्या गाडीचं कार्पेट, ठाण्याच्या पावसाचा हिशेब धरून

पंधरा-वीस वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना कार्पेटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. इंजिन झालं, रंग झाला, सीटा शिवून आल्या, आता खाली काहीतरी अंथरायचं एवढंच राहिलं, असं वाटतं. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि धीरही. म्हणून हे काम घाईत उरकलं जातं आणि पुढे तीन-चार पावसाळ्यांत तळाचा पत्रा जातो.

माझी गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. नौपाड्यात आमच्या इमारतीखाली उभी असते. मामांकडून ती माझ्याकडे आली तेव्हा आत मरून रंगाचं छान कार्पेट होतं, या काठापासून त्या काठापर्यंत चिकटवलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या टाचेखाली जमीन दबल्यासारखी वाटली. कार्पेट ओढून काढलं तर त्याच्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे आले आणि खालची फरशी दिसली. ज्यांनी ते बसवलं होतं त्यांचं शिवणकाम सुबक होतं. पण पाणी आत येणार हे त्यांनी धरलंच नव्हतं, आणि आलेलं पाणी बघायला कार्पेट उचलायची सोय नव्हती.

पुढे जे सांगतो आहे ते सगळं या अनुभवावर उभं आहे. जिथे आपण पाय ठेवतो तिथलं कार्पेट डब्याच्या झाकणासारखं उचलता आलं पाहिजे. ठाण्यात जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिवाय खाडीवरची दमट, खारी हवा बाराही महिने आहेच. कोरड्या हवेच्या ठिकाणी चालणारं काम इथे चालत नाही.

आधी मूळचं काय होतं ते शोधा

दुकानात जाण्याआधी हे करा. त्या काळच्या बऱ्याच देशी गाड्यांत कार्पेट नव्हतंच, काळी रबरी चटई असायची. माझ्या पद्मिनीतही सीटखाली तिचा एक तुकडा सापडला. तुम्हाला गाडी तंतोतंत मूळ रूपात हवी असेल तर कार्पेटच्या भानगडीत पडू नका, रबरी चटईच करा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लिश गाड्यांत लोकरीचं, दाट विणलेलं विल्टन पद्धतीचं कार्पेट आणि काठांना चामड्याची किंवा रेक्झिनची पट्टी असे. अमेरिकन गाड्यांत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेयॉन-नायलॉनचं लूप कार्पेट, म्हणजे न कापलेल्या फासांचं, सर्रास दिसतं. त्यानंतर फास कापलेलं, मऊ लव असलेलं नायलॉन आलं. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये चौकडीच्या विणीचं असतं. सीटच्या नटाखाली, हँडब्रेकच्या कव्हरखाली, डिकीच्या कोपऱ्यात मूळ कापडाचा कपटा हमखास अडकलेला असतो. तो जपून ठेवा. मूळ रंगही तिथेच कळतो, कारण ऊन तिथे पोचलेलं नसतं.

२०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते, आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. माझ्या पद्मिनीला २०२८मध्ये पन्नास पुरी होतील. कार्पेटवरून नोंदणी अडत नाही, पण मूळ रूपाची आच असेल तर ती जमिनीपासूनच असावी असं मला वाटतं. काळ्या-करड्या नायलॉन लूपवर मी समाधान मानलं, कारण घरातल्या माणसांना रबराचा वास सोसत नव्हता. काठ मात्र जुन्या पद्धतीने रेक्झिनचे केले.

बाजारात ‘सेव्हन डी’ नावाने मिळणारे जाड लेदरेटचे तयार ट्रे जुन्या गाडीत टाकू नका. खाली हवा जात नाही, घाम साचतो आणि पत्रा आतल्या आत कुजतो.

काढणं आणि पाणी शोधणं

काम दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. गोंद नीट धरतो, प्रायमर नीट वाळतो.

बॅटरीची वायर काढा. सीटा, दरवाज्याखालच्या पट्ट्या, हँडब्रेकचं कव्हर हे सगळं उतरवा. नट-बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. वायरी कुठून जातात त्याचे तर चार-चार कोनांतून काढा, कारण बहुतेक गाड्यांत मागच्या दिव्यांची वायरिंग कार्पेटखालून, दरवाज्याच्या कडेने जाते. जुनं कार्पेट फाटलं तरी फेकू नका, मापाला लागतं. ते काढताना मास्क हवाच. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीवर राखाडी, तंतूतंतूचा पुठ्ठ्यासारखा थर दिसला तर त्याला हात लावू नका. जुन्या गाड्यांत ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं खरवडलं की धूळ थेट फुप्फुसात जाते. ते जाणकारावर सोपवा.

आता जमीन उघडी आहे. लगेच गंज खरवडायची घाई करू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवला आणि त्याचं मला समाधान आहे.

जमीन पुसून कोरडी करा आणि साधी टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरवा. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून बागेचा पाइप धरेल. पाणी खालून वर न्यायचं. आधी दरवाज्यांच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं, मग दरवाज्यांच्या काचांवर, मग पुढच्या काचेखाली, शेवटी काचेच्या वरच्या कडेवर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे उतरतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. पाण्याचा ओघळ पावडरवर स्पष्ट उमटतो. तो मागे मागे बघत गेलात की मूळ सापडतं. डबकं उजवीकडे साचलं म्हणून भोकही उजवीकडेच असेल असं नाही. माझं पाणी डाव्या कोपऱ्यातून शिरून जमिनीच्या मधोमध असलेला लांब उंचवटा ओलांडत ड्रायव्हरपाशी यायचं.

बहुतेक वेळा दोषी सापडतात ते असे. पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यांत कडक होऊन सुटलेलं असतं. काचेपुढच्या जाळीखालची निचऱ्याची वाट पानांनी तुंबलेली असते. जमिनीच्या भोकांतले रबरी बूच वाळून गळून पडलेले असतात. आणि दरवाजे. दरवाज्याच्या पोटात काचेच्या फटीतून पाणी जाणारच, तशीच त्याची रचना आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं मातीने बुजली, किंवा आतल्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद कोणी फाडून टाकला, की तेच पाणी केबिनमध्ये उतरतं. प्लॅस्टिकची जाड शीट कापून पॅडमागे लावणं हे अर्ध्या तासाचं, जवळजवळ फुकटचं काम आहे. जुन्या मापाचे रबरी बूच मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले. जाताना जुना नमुना बरोबर न्या, तोंडी माप सांगून मिळत नाही.

पाइपाची परीक्षा पुन्हा करा, पावडर कोरडी राहीपर्यंत.

पत्रा

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जमिनीवर दोन-दोन इंचांवर ठोकत जा. जिथे आवाज बद्द येतो किंवा टोक रुतते, तिथला पत्रा गेला. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून किंवा फायबर चिकटवून भागवू नका. कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी खालून पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाइप आणि टाकी कुठे आहे ते डेंटरला स्वतः दाखवा, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि डब्यावर लिहिलं आहे तितका वेळ द्या. नंतर एपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साइड मारून वर कार्पेट टाकायची जुनी पद्धत आहे, पण रेड ऑक्साइड ओल धरतो. त्यावर रंगाचा हात हवाच. वेल्डच्या जोडांवर वरून-खालून सीलर भरा. दोन दिवस वाळू द्या.

आवाज आणि अस्तर

पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. टणटण आवाज येतो तिथे ब्यूटिल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट लावा. सबंध जमीन मढवायची गरज नसते. मोकळ्या सपाट भागाचा तिसरा-चौथा हिस्सा झाकला तरी टणटणचं ठक होतं. रोलरने दाबून कडा पक्क्या करा, खाली हवा राहिली तर तिथेच पाणी साचतं. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने जातो तिथे चकचकीत बाजू असलेलं उष्णतारोधक घाला, नाहीतर मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाय भाजतात.

त्यावर अस्तर. जुन्या गाड्यांत तागाचा किंवा चिंध्यांचा नमदा, म्हणजे धागे दाबून केलेला जाड थर, असे. तो दिसायला आणि पायाला फार छान, पण एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही. माझा तोडगा असा: मधल्या उंचवट्यावर आणि उभ्या भागांवर नमदा, पायाखाली मात्र पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम. हा फोम चिकटवायचा नाही, सुटा टाकायचा. कार्पेटच्या कडेपेक्षा इंचभर आत कापा म्हणजे कडा जमिनीला टेकून बसतात. सीटच्या बोल्टभोवती दोन इंचांचा गोल मोकळा सोडा. बोल्टखाली मऊ अस्तर राहिलं तर ते हळूहळू दबतं आणि सीट ढिली होते.

माप आणि कापणी

सपाट जमिनीच्या मापासाठी जुना फ्लेक्स उत्तम. आपल्याकडे वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फ्लेक्स मागितले की मिळतात. फाटत नाही, मार्करने लिहिता येतं, पुन्हा पुन्हा वापरता येतो. उंचवट्यासाठी जुनी सुती चादर घ्या, ती वळणावर बसते. प्रत्येक मापावर चार गोष्टी लिहा: कुठला तुकडा, डावा की उजवा, पुढची बाजू कुठली, वरची बाजू कुठली.

ही चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण कार्पेट कापायचं असतं पाठीवरून. माप पाठीवर ठेवताना ते उलटं, लिहिलेली बाजू खाली, ठेवायला हवं. मी सरळ ठेवून कापलं, आणि डाव्या पायाखालचा तुकडा सरळ केल्यावर उजव्या बाजूचा निघाला. जवळजवळ मीटरभर कापड वाया गेलं आणि त्याच रंगाचं पुन्हा मिळवायला उल्हासनगरला दोन फेऱ्या झाल्या. कापड घेताना हिशेबापेक्षा एक मीटर जास्तच घ्या. रंगाचा लॉट बदलला की शेजारी शेजारी फरक दिसतो.

दुसरी गोष्ट मला कोपरीच्या एका जुन्या कुशनवाल्या काकांनी शिकवली. मी कापड पसरून खडूने रेघा मारायला घेतल्या तसा त्यांनी माझा हात धरला. “आधी हात फिरव. लव कुठे झोपते ते बघ.” एका दिशेने हात फिरवला की कार्पेट मऊ लागतं, उलट फिरवलं की खरखरीत. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे उन्हात दोन रंगांचे दिसतात. त्यांनी पाठीवर खडूने बाण काढून दिले, पंधरा-पंधरा सेंटीमीटरवर एक. मी आता प्रत्येक वेळी तसंच करतो.

चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवून कापा. कटरचं पातं नवं हवं, आणि फक्त पाठ कापली जाईल इतकाच दाब. लव कापू नका, ती हाताने वेगळी करा, म्हणजे कड दाट राहते. जास्तीचं कापणं शेवटी, तुकडा गाडीत बसवल्यावर.

बसवणं

क्रम असा: आधी मधला उंचवटा, मग दरवाज्याकडच्या कडा, मग पुढच्या पायाशेजारच्या उभ्या भिंती आणि मागच्या सीटखालची उभी पट्टी. पायाखालचे तुकडे शेवटी, कारण त्यांच्या कडा बाकी सगळ्यांवर येतात.

सगळ्यात कठीण उंचवटाच. पुढच्या बाजूला तो रुंद होतो आणि दोन्हीकडे वळतो. एकाच तुकड्यात ओढून बसवायचा हट्ट केला तर चुण्या पडतात. ब्लाउजला टक्स घालतात तसे इथे घालायचे: वळणावर पाचर कापायची, दोन कडा जवळ आणायच्या आणि पाठीकडून दाभणाने जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवायच्या. वर लव विंचरली की टाका दिसत नाही. नायलॉनचं कार्पेट हीट गनने जरा कोमट केलं की वळणाला मऊ पडतं. गन एका जागी धरू नका, लव वितळून चकाकी येते आणि ती जात नाही. हे सगळं गोंद लावण्याआधी, कोरडंच बसवून बघायचं. टक्स घालायला मला दोन रविवार लागले. गोंदाचं काम एका दुपारचं.

गोंद म्हणजे सिंथेटिक रबरचा, सोफेवाले वापरतात तो. मी फेव्हिकॉल एसआर ९९८ वापरला. तो दोन्ही बाजूंना लावायचा, पत्र्यालाही आणि पाठीलाही. नमदा आणि तागाची पाठ गोंद पिते, तिथे दोन हात. मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये, तेव्हाच टेकवायचं. ओला असताना टेकवलात तर उद्या सुटतो. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून अर्धा तुकडा उलटून ठेवून अर्ध्याला लावा, मधून कडांकडे हाताने दाबत जा, मग दुसरा अर्धा. हवा दमट असेल तर गोंदावर पांढुरकी साय धरते. तसं दिसलं तर पंखा लावा आणि ती जाईपर्यंत थांबा.

या गोंदाच्या वाफा पेट घेतात आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतात. बंद तळघराच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. चारही दरवाजे उघडे, बॅटरी सुटी, आसपास बिडी-सिगारेट नाही, हीट गन बंद. डोकं जड वाटलं की बाहेर या.

भोकांसाठी एक युक्ती. कार्पेट टाकण्याआधी सीटच्या प्रत्येक भोकात लांब बोल्ट उभा फिरवून ठेवा. वरून कार्पेट दाबलं की टोकं जाणवतात, तिथेच खूण. ड्रिल अजिबात नको. लूप कार्पेटचा एक धागा बिटात अडकला की ओळीच्या ओळी उसवत जातात. नायलॉनला तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडा, कड वितळून बंद होते. लोकरीला होल पंच. आणि पट्ट्यांचे स्क्रू बसवताना जुनीच भोकं वापरा. नवं पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची नळी बऱ्याचदा नेमकी तिथूनच जाते.

पायाखालचे चार तुकडे

यांना गोंद नाही. कडांना रेक्झिनची पट्टी कुशनवाल्याकडून शिवून घ्या, घरच्या मशीनची सुई एवढी जाडी पेलत नाही. ड्रायव्हरच्या तुकड्यावर टाचेच्या जागी रबराचा जाड चौकोन शिवून घ्या. शिवण्याआधी ती जागा कुशनवाल्याला गाडीत बसून दाखवा, कारण प्रत्येकाची टाच वेगळ्या ठिकाणी टेकते.

मागचे तुकडे आणि पुढचा डावा तुकडा सीटच्या पायांत आणि दरवाज्याच्या पट्टीखाली खोचले तरी राहतात. ड्रायव्हरचा मात्र तीन प्रेस बटणांनी जमिनीला अडकवाच. बटणाच्या स्क्रूला सीलरमध्ये बुडवून बसवा, नाहीतर तीन नवी गंजाची दारं उघडतात. हा तुकडा पुढे सरकून ॲक्सिलरेटरखाली गेला तर पेडल अडकून राहू शकतं. म्हणून इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल हाताने तळापर्यंत दाबा, सोडा, आपोआप वर येतात का बघा. मग कार्पेट मुद्दाम पुढे ढकलून पुन्हा तेच करा. काही जुन्या गाड्यांत डिपरचा स्विच डाव्या पायाखाली जमिनीवर असतो, त्याच्यासाठीही मोकळी जागा ठेवा. पेडल जरासं जरी घासलं तर तिथलं कार्पेट कापा. दिसायला कसं दिसेल याचा विचार तिथे करायचा नाही.

सीटा परत बसवून बोल्ट कसले की पन्नासेक किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा एकदा कसा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर, शक्य तर त्याच रात्री, चारही तुकडे उचला, फोम बाजूला करा आणि तळहात जमिनीवर टेकवा. मी पावसाळाभर फोमखाली वर्तमानपत्राचा एकेक घडी केलेला कागद ठेवतो आणि दर रविवारी बघतो. गेल्या जुलैत मागच्या डाव्या कोपऱ्यातला कागद ओला निघाला. दरवाज्याच्या खालचं भोक बुजलं होतं, झाडूच्या काडीने मोकळं केलं. कार्पेट दोन दिवस गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं आणि बुधवारी परत बसवलं.